अडीच सीसीचा प्रश्न

आमच्या घरात एक विमानाचं इंजिन होतं आणि ते विकायचं की ठेवायचं, याचा विचार मी एकोणीस वर्षं केला.

(घाई करणाऱ्यांतला मी नाही.)

विमान म्हणजे हौसेचं, लहान विमान. त्याचं हे इंजिन तळहातावर मावेल एवढं, अडीच सीसीचं, परदेशी बनावटीचं. पुढं पंखा, मागं तेलाची नळी, डोक्यावर एक आडवा स्क्रू. आमचे वडील, म्हणजे आण्णा, एअरफोर्समध्ये फिटर होते. रिटायर होताना त्यांच्या एका साहेबानं ते त्यांना भेट दिलं. साताऱ्याजवळच्या आमच्या मेढ्याकडं माणूस फौजेतनं सुटून आला की ट्रंक आणतो, घोंगडीसारखं जाड ब्लँकेट आणतो, रमची बाटली आणतो. आण्णांनी इंजिन आणलं! आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यावर दळान तरी निघंल का?"

दळण निघालं नाही. आण्णांनी त्याला हलक्या लाकडाचं आणि कागदाचं विमान बांधलं. हे विमान मोकळं सोडायचं नसतं. त्याच्या पंखाला दोन बारीक तारा बांधतात, तारांची मूठ आपल्या हातात, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. आपणही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरायचं. मी अकरा वर्षांचा असताना एका रविवारी आण्णांनी ती मूठ माझ्या हातात दिली. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्या फेऱ्यात विमान वर गेलं, अजून वर गेलं आणि मग माळावर सरळ नाकावर आपटलं. पंखांचं जळण झालं, इंजिन तेवढं शाबूत राहिलं. आण्णांनी इंजिन पुसलं, फडक्यात बांधलं आणि पुन्हा म्हणून विमान केलं नाही.

बापाची एकुलती एक हौस आपण मातीत घातली, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं मी साताऱ्याला भूगोलाचा मास्तर झालो. चंद्र पृथ्वीभोवती गोल फिरतो हे शिकवताना दरवर्षी माझा घसा दाटून यायचा. पोरांना वाटायचं, सरांचा विषयावर लय जीव आहे.

आणि एकोणीस वर्षांपूर्वी आण्णांनी ते इंजिन माझ्या हातात ठेवलं. "दत्ता, हे आता तुझं. ठिव न्हाईतर इक."

"पण आण्णा, तुमची काय इच्छा आहे?"

"तुझी मर्जी."

झालं! विकावं, तर आधी विमान पाडलं आणि आता इंजिनही फुकलं, असं होणार. ठेवावं, तर ते दरवर्षी खंडेनवमीला समोर येणार. आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. विळी, कोयता, शिलाई मशीन, माझी स्कूटर आणि सगळ्यांच्या मध्ये हे इंजिन. आधी आई पूजा करायची, तिच्या माघारी माझी बायको शालन करते. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. त्या वेळी आण्णा सावधानमध्ये उभे राहतात आणि मी खाली मान घालून उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी भक्ती!

यातनं वाट काढली ती शालननं. तिचं इंजिनाशी काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते डब्यावरून. तिच्या लग्नात माहेरून आलेला, नाव कोरलेला, कडीचा स्टीलचा डबा आण्णांनी इंजिनाला घेतला होता. सुनेनं सासऱ्याला बोलायचं नाही म्हणून ती सगळं मला बोलायची.

"आवं, ठेवायचं तर ठेवा, इकायचं तर इका. पन ह्या दिवाळीला चिवडा माझ्याच डब्यात जानार!"

"विचार करतो."

"एकोनीस वर्सं? आवं, तेवढ्यात पोरीचं लगीन हून तिची पोरगी बालवाडीत गेली!"

आणि तिनं सरळ मोबाईलवर जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर इंजिनाचा फोटो टाकला. डब्यासकट! खाली लिहिलं, 'विमानाचे इंजिन, जुने, चालू स्थितीत, डबा मिळणार नाही.' विभाग निवडला 'शेती अवजारे', कारण तिला तोच सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून माझा फोन वाजायला लागला.

"हॅलो, मास्तर, इंजिन किती एचपी?"

"अहो, ते तसलं नाही..."

"तीन इंची पाणी वढंल का?"

दुसऱ्यानं विचारलं, फवारणीला चालेल का. तिसरा म्हणाला, "इंजिन र्‍हाऊ द्या, डब्याचं काय घेताय?" हे शालनला कळल्यावर तिनं मला त्या माणसाला परत फोन लावायला लावला आणि स्वतः बोलली. काय बोलली ते इथं लिहिता येत नाही.

चौथा फोन सांगलीहून आला. आवाज मऊ आणि थरथरता. दातांचे डॉक्टर होते, आणि अशी जुनी इंजिनं जमवायचा त्यांना नाद होता.

"सर, ते इंजिन हलवू नका. पुसू नका. त्याला कुणाला हात लावू देऊ नका. आजकाल असलं बघायलासुद्धा मिळत नाही हो! चालू आहे ना?"

"चालू?" मी म्हणालो, "एकदम चालू!"

हे मी का म्हणालो, देव जाणे. इंजिनानं सत्तेचाळीस वर्षांत खोकलासुद्धा काढला नव्हता. पण समोरून शालन बघत होती आणि तिच्या हातात लाटणं होतं.

"मग एकदा माझ्यासमोर सुरू करून दाखवा, जागेवर घेऊन टाकतो. फक्त माझ्याकडे नको. सोसायटीत मागे आवाजावरून भांडण झालंय."

जागा मी सुचवली! सांगलीत माझी थोरली बहीण आक्का असते. तिच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, हळद दळायची गिरणी आहे. तिथं दिवसभर एवढा धडधडाट असतो की इंजिनाचा आवाज कुणाच्या कानावरही जाणार नाही. शिवाय टेबलाला ठोकलेला लोखंडी व्हाईस आहे, त्यात इंजिन पकडता येईल. एवढा बारीकसारीक विचार केला मी. हळदीचा तेवढा केला नाही.

रविवारी सकाळी आण्णांना न कळता निघायचं ठरलं होतं. डबा पिशवीत घातला, चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरलो. फाटकाशी आण्णा उभे! चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, केसांना तेल.

"किती वाजताची एसटी हाय?"

"कुठली एसटी, आण्णा?"

"सांगलीची. सूनबाईनं आख्ख्या जिल्ह्याला सांगितलंय, मला कळनार न्हाई व्हय? आन डबा हिकडं आन. आडवा धरतात का इंजिन?"

एसटीत डबा त्यांच्याच मांडीवर. रागावलेत की काय, ते कळेना. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आण्णा खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलेले. मी दोनदा घसा साफ केला.

"आण्णा, तुमच्या मनात नसेल तर नाही विकत."

"तुझी मर्जी."

"मग विकू?"

"तुझी मर्जी म्हनलं की रं!"

सांगली येईपर्यंत मी मनात चार वेळा विकलं आणि पाच वेळा परत घेतलं.

गिरणीत दाजी वाटच बघत होते. त्यांना दुपारी कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून पांढराशुभ्र कडक शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. रविवार असल्यानं गिरणी बंद होती, म्हणजे धडधडाटाचा माझा हिशेब तिथंच चुकला. पण आदल्या रात्री दळलेली हळद आत ताडपत्रीवर पसरून ठेवलेली. दळल्यावर गरम असते, ती निवल्याशिवाय पोत्यात भरत नाहीत. दहा-बारा पोत्यांची हळद, गुडघाभर उंच, मऊ, पिवळीधमक. दुपारपर्यंत एका व्यापाऱ्याची गाडी ती न्यायला येणार होती.

"या पावनं!" दाजी मला म्हणाले. "आज इमान उडवताय म्हनं आमच्यात!"

डॉक्टर वेळेवर आले. पन्नाशीचे, नीटनेटके, पांढरा सदरा, हातात चामड्याची पेटी. आण्णांना वाकून नमस्कार केला, पातळ हातमोजे चढवले, डोळ्याला भिंग लावलं आणि इंजिन दाढेसारखं उजेडाकडं धरून तपासू लागले.

"सर," ते जरा वेळानं म्हणाले, "हवा आत जायची ही जी जागा आहे ना, तिथं तांदूळ आहे."

"तांदूळ?"

त्यांनी पेटीतली वाकडी सुई काढली आणि भोकातनं एक दाणा बाहेर ओढला. मग दुसरा. मग तिसरा. दाजींनी वर्तमानपत्र पसरलं. बावीस दाणे निघाले! त्यामागून कुंकवाची घट्ट वडी, झेंडूची एक पाकळी आणि थोडी उदबत्तीची राख.

"दरवर्षी पूजा करतो आम्ही," मी अभिमानानं सांगितलं. "एक वर्ष चुकवलं नाही."

"म्हणजे दरवर्षी थोडं थोडं बुजवत होतात," डॉक्टर म्हणाले.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. वास्तविक पूजा करायच्या शालन आणि त्याआधी आई, पण तिथं हजर असलेला आरोपी मी एकटाच होतो.

डॉक्टरांनी तासभर घासून, धुऊन, फुंकून इंजिन लख्ख केलं. व्हाईसमध्ये पकडलं. बरोबर आणलेली तेलाची टाकी जोडली. तेलात एरंडेल होतं आणि आणखी काहीतरी, ज्याचा वास दवाखान्यासारखा येत होता. टाकी चहाच्या कपाएवढी होती. डॉक्टर म्हणाले, चाचणीला दोन चमचे पुरेत. तेवढ्यात ते रुमाल शोधायला वळले आणि दाजींनी बाटली उचलून टाकी काठोकाठ भरली.

"दोन चमच्यानं काय हुतंय? साताऱ्यासनं आलंय, उपाशी ठेवायचं व्हय इंजिनाला?"

मग डॉक्टरांनी वाऱ्याचा हिशेब समजावून सांगितला. "पंखा सुलटा फिरला की वारा इंजिनाच्या मागे जातो. म्हणून इंजिनाची पाठ दाराकडे करू. वारा अंगणात जाईल, हळदीला काही होणार नाही."

"आन उलटा फिरला तर?" दाजींनी विचारलं.

"उलटा कशाला फिरेल?" डॉक्टर हसले. मीही हसलो.

हे इंजिन सुरू करायला बटण नसतं. बोटानं पंख्याला टिचकी मारायची, परत मारायची, परत मारायची. मध्येच डोक्यावरचा स्क्रू थोडा पिळायचा. डॉक्टरांनी चाळीसेक टिचक्या मारल्या. इंजिन 'फुस' म्हणालं. मग त्यानं डॉक्टरांच्याच बोटावर फटका मारला. दातांच्या डॉक्टरला बोट म्हणजे जीव की प्राण, ते लगेच मागं सरले. दाजींनी पाच टिचक्या मारल्या आणि शर्टावर डाग पडेल म्हणून सोडून दिलं.

आण्णा हळकुंडाच्या पोत्यावर बसून बघत होते.

"आण्णा, तुम्ही बघता का एकदा?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. त्यांचा हात आता चहाचा कप बशीत न सांडता उचलत नाही. मला हे माहीत होतं, तरी मी चारचौघांत विचारलं. मला स्वतःचीच लाज वाटली. आणि त्या लाजेपोटी मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, आज हे सुरू करून दाखवायचंच. या माणसाला त्याचा आवाज ऐकवायचा, मग विकायचं की ठेवायचं ते बघू!

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी डावखुरा आहे. जेवताना, लिहिताना, पूजेला बसताना, लहानपणापासून माझा डावा हात सगळ्यांना खुपत आलाय. मी डाव्या हातानं टिचकी मारायला सुरुवात केली.

"उजव्या हातानं रं!" आण्णा पोत्यावरून म्हणाले.

झालं, इथंही सुरू! मला राग आला. अठ्ठावन्न वर्षांचा, रिटायर झालेला माणूस मी. मुद्दाम डाव्या हातानं आणखी जोरात टिचकी मारली.

"दत्ता! डाव्या हातानं न्हाई! उलटा फिर..."

आणि इंजिन सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे काय! एवढ्याशा जिवाला एवढा मोठा गळा असेल असं वाटलं नव्हतं. कानठळ्या बसल्या. मी आनंदानं ओरडलो. अर्ध्या क्षणात मला समोरचं दिसेनासं झालं.

पंखा उलटा फिरत होता! वारा दाराकडं न जाता पुढं चालला होता, आणि पुढं दहा-बारा पोत्यांची हळद निवत पडली होती. आधी ढिगाचा शेंडा गेला. मग सगळी हळद एकदम उठली आणि भिंतीला आपटून परत आमच्या अंगावर आली.

"बंद करा!" दाजी ओरडले. ते कुठं होते ते दिसत नव्हतं.

"बटण कुठं आहे?" मी ओरडलो.

"बटण नसतं!" डॉक्टर ओरडले. "तेल संपलं की आपोआप थांबतं! दोनच चमचे घातलेत!"

यावर दाजींच्या बाजूनं नुसती एक शिंक आली.

"दाजी?"

"मी पूर्न भरलंया!"

पुढचा काळ किती होता ते सांगता येणार नाही. मी इंजिनाची दिशा बदलायची म्हणून व्हाईस सैल करायला गेलो, तर हातात आली ती डॉक्टरांची मान. डॉक्टर दार समजून कपाटात शिरले. दाजी शिंकत होते. एक शिंक मारायची, एक शिवी द्यायची, परत शिंक. बायकोच्या भावाला देता येतील तेवढ्या सगळ्या शिव्या त्यांनी दिल्या, आणि त्या दिवशी मला कळलं की त्यांचा साठा मोठा आहे.

आणि त्या पिवळ्या ढगातनं कुणीतरी हसत होतं.

आण्णा! ते पोत्यावरून उठून चाचपडत टेबलाशी आले होते. डोक्यापासून बुटांपर्यंत पिवळे. चेहऱ्यावर फक्त दात पांढरे, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. हळदीचं की कशाचं, मी विचारलं नाही. ते वाकून इंजिनाजवळ कान नेऊन ऐकत होते. मग शांतपणे त्यांनी हात पुढं केला. तो थरथरत होता, पण जायचा तिथंच गेला. ज्या भोकातनं मघाशी बावीस अक्षता निघाल्या, त्यावर त्यांनी अंगठा दाबला. इंजिन गप्प झालं.

गिरणीत एवढी शांतता पसरली की हळद खाली बसताना ऐकू येईल असं वाटलं. तेवढ्यात आवाज कसला म्हणून आक्का दारात आली. समोर चार पिवळे पुरुष!

"अगं बया!" ती म्हणाली. "कुनाचं लगीन लावताय रं? आन नवरदेव कोन, आण्णा?"

रस्त्यावरची दोन माणसं खरोखरच आत डोकावून 'मुहूर्त कितीचा?' म्हणून विचारून गेली. दाजी भिंतीला टेकून बसले होते. साखरपुडा गेला, शर्ट गेला, ढिगाची उंची गुडघ्यावरून घोट्यावर आली. व्यापाऱ्याची गाडी तेवढ्यात फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होती.

आण्णा मात्र भलत्याच खुशीत. पोत्यावर बसले, मला जवळ बोलावलं आणि खांद्यावर हात टाकला.

"दत्ता, लेका, मजा आली. आता एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"सांगा की."

"त्या दिवशी माळावर इमान पडलं बघ. ते तू पाडलं न्हाईस."

"काय?"

"एका तारंची गाठ मी नीट मारलीच नव्हती. गप्पांच्या नादात र्‍हाऊन गेलं. दुसऱ्या फेऱ्यात ती सुटली. तिथं तू काय, माझा साहेब असता तरी पडलं असतं."

माझ्या तोंडाचा आ झाला आणि त्यात हळद गेली. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगनारच हुतो. पन घरी गेल्यावर तुझ्या आईनं इचारलं, कुनी पाडलं? मी त्वांड उघडायच्या आत तू म्हनलास, मी पाडलं. आता पोरगं आपनहून कबूल हुतंय, त्यात मी कशाला मधी पडू? तुझी आई काय साधी बाई हुती व्हय!"

"अहो, पण नंतर!"

"मला वाटलं, दोन दिवसांत इसरशील."

"सत्तेचाळीस वर्षं झाली, आण्णा! चंद्र शिकवताना घसा दाटायचा माझा!"

"चंद्राचं काय मला म्हाईत न्हाई," आण्णा म्हणाले. "आन परत इमान केलं न्हाई, ते तुझ्या आईनं सगळी उरलेली लाकडं चुलीत घातली म्हनून. तुझ्यामुळं न्हवं."

मी भडकलो. बापावर चारचौघांत आवाज चढवायचा नसतो, पण मी चढवला. आणि त्या भरात, आयुष्यात पहिल्यांदा, मी एका सेकंदात निर्णय घेतला.

"डॉक्टर, इंजिन घ्या! आत्ता घ्या! विकलं!"

डॉक्टर कपाटातनं नुकतेच बाहेर आले होते. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पिवळ्या होत्या, पण त्यामागं माणूस लहान मुलासारखा आनंदला होता. "उलटंसुद्धा काय झकास पळतं हो!" ते म्हणाले.

"थांबा," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, आता म्हणतील, विकू नको. माझा राग तिथल्या तिथं उतरला. आता त्यांनी 'ठेव' म्हटलं असतं तर मी इंजिन छातीशी धरून साताऱ्यापर्यंत चालत गेलो असतो.

"डॉक्टर, नुसतं कपाटात ठिवनार असाल तर द्यायचं न्हाई. पूजा आमी बी करत हुतो. इमान बांधायचं. दर पंधरा दिवसांनी उडवायचं. आन मी येनार."

डॉक्टरांनी हातमोजा काढून हात पुढं केला. असा सौदा झाला. एकोणीस वर्षं 'तुझी मर्जी' म्हणणाऱ्या माणसानं माझ्या देखत, मला न विचारता, माझं इंजिन विकलं!

गिरणी झाडायला आम्हाला संध्याकाळ झाली. आक्कानं मला केरसुणी दिली आणि दाजींनी स्वतः खुर्ची टाकून देखरेख केली. साताऱ्याला परतताना कंडक्टरनं आम्हा दोघांना मागच्या बाकावर बसवलं. शालननं दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि आधी डबा हातातनं काढून घेतला. मग झाकण उघडून वास घेतला.

"आता ह्यात काय एरंडेलाचा चिवडा करू व्हय?" ती म्हणाली.

गेले चार महिने दर पंधरा दिवसांनी आम्ही सांगलीला जातो. डॉक्टरांनी सुरेख लाल विमान बांधलंय. गावाबाहेरच्या माळावर आण्णा खुर्ची टाकून बसतात आणि हुकूम सोडतात. मग उठतात, डॉक्टरांच्या हातावर हात ठेवून मूठ धरतात आणि दोन फेरे पुरे झाले की परत खुर्चीत बसतात. दोन फेऱ्यांत ते साठ वर्षांनी लहान होतात. मला हे बघताना फार बरं वाटतं. माझं काम एवढंच की उडेपर्यंत विमान घट्ट धरून ठेवायचं आणि खाली आलं की काट्याकुट्यातनं उचलून आणायचं.

परवा विमान माझ्या हातात होतं. इंजिन सुरू झालेलं, पंखा गरगरत होता, आणि डॉक्टर एकदम म्हणाले, "सर, आज मूठ तुम्ही धरा. विमान मी सोडतो. याल का?"

मी काही म्हणायच्या आत खुर्चीतनं आवाज आला. "त्याला नगा इचारू, डॉक्टर. जाऊ का नको, ह्याचा इचार करस्तवर तेल संपंल!"

मला हे लागलं. चांगलं सणसणीत उत्तर द्यावं की वडील माणूस म्हणून सोडून द्यावं, असा विचार करत मी विमान धरून उभा राहिलो.

तेल संपलं.